कटिभागातील चकती-ऱ्हास व त्याचे प्रतिमादर्शन : इतिहास

मानवी पृष्ठवंशातील लागोपाठच्या दोन मणक्यांमध्ये जी तंतुमय कूर्चेची (लवचिक व मजबूत ऊतकाची) गादी असते, तिला आंतरमणकी चकती म्हणतात. पहिल्या दोन मणक्यांमध्ये व त्रिकास्थीच्या एकजीव झालेल्या मणक्यांमध्ये चकती नसते. त्यामुळे चकत्यांची एकूण संख्या २३ भरते व कण्याच्या लांबीचा सु. एक चतुर्थांश भाग त्यांनी व्यापलेला असतो. प्रत्येक चकतीत बाहेरच्या बाजूस एकावर एक थर असलेले तंतुमय कडे आणि आत पाणीदार, जेलीसारखा गाभा असतो. प्रौढ वयात चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. वरच्या व खालच्या मणक्यांच्या कूर्चामय पट्टांतून झिरपणाऱ्या द्रव्यांवरच तिचे पोषण चालते. वयाच्या दुसऱ्या दशकापासूनच गाभ्यातील पाणी घटू लागते, कड्याला चिरा पडू लागतात व चकतीची उंची कमी होते. या बदलांना एकत्रितपणे चकतीचा ऱ्हास म्हणतात. कटिभागातील तळाच्या दोन चकत्यांवर शरीराचा भार सर्वाधिक पडतो व ऱ्हासाच्या खुणाही तेथेच अधिक आढळतात.

हा ऱ्हास जिवंत माणसात पाहता यावा यासाठी शंभराहून अधिक वर्षे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास पुढे दिला आहे. या इतिहासाला दोन बाजू आहेत. चित्रे उत्तरोत्तर स्पष्ट होत गेली ही एक बाजू. चित्रात दिसणारा दोष आणि रोग्याला होणारी वेदना यांचा संबंध मात्र त्या मानाने स्पष्ट झाला नाही ही दुसरी.

क्ष-किरणांपूर्वीचा काळ : कंबरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेची ओळख फार जुनी आहे. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात व चरकसंहितेत तिची गणना वातव्याधींत केलेली आहे. ही वेदना सांध्यातून नव्हे तर तंत्रिकेतून (मज्जातंतूतून) उद्‌भवते, हे नेपल्स येथील दोमेनीको कोतून्यो यांनी १७६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. आंद्रेआस व्हेसेलिअस यांच्या १५४३ मधील शारीरविषयक ग्रंथात चकत्यांचे वर्णन आढळते आणि जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडॉल्फ फिरखो यांनी १८५७ मध्ये फाटलेल्या चकतीचे वर्णन केले होते. चकती, तंत्रिका व वेदना हे तिन्ही दुवे अशा रीतीने ज्ञात होते, परंतु ते परस्परांशी जोडले गेले नव्हते. बर्लिन येथे हेरमान ओपनहाइम व फेडोर क्राउझे यांनी एका रोग्याच्या कण्यातून चकतीचा तुकडा काढला व रोगी बराही झाला. १९०९ साली ही हकीकत प्रसिद्ध करताना मात्र त्यांनी तो तुकडा कूर्चेचा अर्बुद (गाठ) असल्याचे नमूद केले. पुढील पाव शतकात अनेक शस्त्रवैद्यांनी हीच चूक केली.

मोकळ्या जागेचे चित्र : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला आणि थोड्याच महिन्यांत अस्थिभंग व शरीरात घुसलेल्या गोळ्या शोधण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ लागला. कटिभागाचे, विशेषतः बाजूने घेतलेले, चांगले चित्र मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. कारण येथे किरणांना शरीराच्या जाड भागातून जावे लागते व विखुरलेल्या किरणांमुळे चित्र धूसर होते. विल्यम कूलिज यांची तप्त तंतूची नलिका व गुस्टाफ बुकी यांची जाळी (दोन्ही १९१३) आणि हॉलिस पॉटर यांनी त्या जाळीत केलेली सरकती सुधारणा (सु. १९२०) यांमुळे ही अडचण दूर झाली.

एक मूलभूत उणीव तरीही राहिलीच. चकती क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शक असल्याने साध्या चित्रात ती दिसतच नाही. दिसते ती दोन मणक्यांमधील मोकळी जागा. ही जागा अरुंद होणे, मणक्यांच्या कडांना अस्थिकंटक फुटणे व चकतीलगतचा हाडाचा भाग दाट होणे या अप्रत्यक्ष खुणांवरून ऱ्हासाचे अनुमान करावे लागते. स्वीडनमधील फॉल्के क्नुटसन यांनी १९४२ मध्ये आणखी एका खुणेचे वर्णन केले. जीर्ण चकतीच्या चिरांमध्ये साचलेला, मुख्यतः नायट्रोजनाचा, वायू चित्रात काळ्या रेघेसारखा उमटतो. महाराष्ट्रात कंबरदुखीचे रोगी ‘मणक्यात गॅप आला’ असे सर्रास म्हणतात. या शब्दप्रयोगात क्ष-किरण चित्राची ही उणीव नकळत साठवलेली आहे. प्रत्यक्षात ऱ्हास झाल्यावर मणक्यांमधील जागा वाढत नाही, घटते. आणि जिला मोकळी जागा समजले जाते, तीच चकती असते.

श्मोर्ल यांचे कार्य : चित्रातील सावल्यांचा अर्थ लावण्यास शवविच्छेदनाचा आधार आवश्यक होता. तो ड्रेझ्डेन येथील विकृतिवैज्ञानिक क्रिस्टिआन गेओर्क श्मोर्ल (१८६१–१९३२) यांनी पुरविला. त्यांनी हजारो कणे शवांतून काढून तपासले व त्यांची क्ष-किरण चित्रांशी तुलना केली. चकतीचा गाभा मणक्याच्या हाडात शिरून तयार होणाऱ्या गाठी आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. हेर्बर्ट युंगहान्स यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा निरोगी व रोगट कण्याच्या क्ष-किरण चित्रांवरील ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. चकतीचे तुकडे मागच्या बाजूस, मेरुरज्जूच्या (मज्जारज्जूच्या) पोकळीकडे सरकलेले त्यांना अनेक शवांत आढळले होते. तथापि विकृतिवैज्ञानिकाच्या मेजावर आलेले हे कणे ज्यांचे होते, त्यांना हयातीत कंबरदुखी होती की नव्हती हे कळण्यास मार्ग नव्हता. श्मोर्ल यांनी या तुकड्यांना रोगकारक म्हणून फारसे महत्त्व दिले नाही.

मिक्स्टर व बार : हे महत्त्व बॉस्टनमधील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटल या रुग्णालयात ओळखले गेले. मेरुरज्जूभोवतालच्या पोकळीत क्ष-किरणांना अडविणारा किंवा त्यांना सहज जाऊ देणारा पदार्थ सोडला, तर त्या पोकळीचा आकार चित्रात उठून दिसतो. या पद्धतीला मेरुरज्जू-चित्रण म्हणतात. वॉल्टर डँडी यांनी १९१९ मध्ये यासाठी हवेचा वापर सुचविला होता. झां सिकार व झाक फॉरेस्त्ये हे फ्रेंच वैद्य वेदनाशमनासाठी खसखशीच्या तेलातील आयोडिनाचे संयुग (लिपिओडॉल) कण्याभोवती टोचत असत. तेच द्रव्य चित्रणासाठी उपयोगी पडते, असे त्यांना १९२१ च्या सुमारास दिसून आले. चकती या चित्रातही दिसत नाही. परंतु तिचा तुकडा पोकळीत घुसला असेल तर तेलाच्या स्तंभाला त्या ठिकाणी खाच पडते.

अस्थिशल्यतज्ञ जोझेफ सीटन बार (१९०१–६४) यांनी अशाच एका रोग्याला १९३२ मध्ये तंत्रिका-शल्यतज्ञ विल्यम जेसन मिक्स्टर (१८८०–१९५८) यांच्याकडे पाठविले. निदान अर्बुदाचे होते व काढलेला तुकडाही तसाच नोंदविला गेला. श्मोर्ल यांच्या कार्याशी परिचित असलेल्या बार यांना मात्र त्या निदानाविषयी शंका आली. त्यांनी व मिक्स्टर यांनी रुग्णालयात जतन केलेले कूर्चा-अर्बुदांचे जुने नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतले. त्यांपैकी बरेचसे अर्बुद नसून निखळलेल्या चकतीचे तुकडे आहेत, असे आढळून आले. १९३४ च्या ऑगस्टमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात १९ रोग्यांवरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि कंबरदुखीच्या वैद्यकास नवी दिशा मिळाली. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले काही रोगी शस्त्रक्रियेनंतर उठून चालू लागले. त्यामुळे ही कल्पना झपाट्याने पसरली यात नवल नाही.

ती पसरताना तिची मर्यादा मात्र मागे पडली. मिक्स्टर व बार यांचा शोध तुकड्याखाली दबलेल्या तंत्रिकेविषयी होता. पुढील काळात पायात न उतरणाऱ्या, नुसत्या कंबरदुखीचे खापरही चकतीवर फोडले जाऊ लागले व चित्रात खाच दिसली की शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जाऊ लागला. हे चित्रण स्वतःही निर्धोक नव्हते. लिपिओडॉलच्या जागी १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत पँटोपेक व ब्रिटनमध्ये मायोडिल या नावाने विकले जाणारे तेलकट द्रव्य आले. चित्रणानंतर ते सुईने परत ओढून घ्यावे लागे व ते मागे राहिल्यास मेरुरज्जूच्या आवरणाला चिवट दाह होऊन तंत्रिका एकमेकींना चिकटत. कंबरदुखीचे कारण शोधण्यासाठी गेलेल्या काहींना त्यामुळे आयुष्यभराचे दुखणे जडले. स्वीडनचे टोर्स्टेन आल्मेन यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आयनरहित द्रव्यांची कल्पना मांडली व तीतून निघालेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांनी १९८० नंतर तेलाची जागा घेतली.

चकतीचे प्रत्यक्ष चित्र घेण्याचा पहिला मार्ग स्वीडनचे क्नूट लिंडब्लॉम यांनी १९४८ मध्ये काढला. त्यांनी चकतीतच सुई घालून क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य टोचले. कड्याच्या चिरा यामुळे दिसतात आणि टोचताना रोग्याची नेहमीची वेदना जागी होते का, हेही पाहता येते. चित्र व वेदना यांची गाठ एकाच परीक्षेत घालून देणारी ही पद्धत तर्काला पटणारी होती व म्हणूनच तिच्यावरील वाद अनेक दशके चालला.

निरोगी माणसांची चित्रे : या साऱ्या पद्धतींमध्ये एक प्रश्न फार उशिरा विचारला गेला. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही, त्यांच्या कण्याचे चित्र कसे दिसते? १९६८ साली या प्रश्नाची दोन उत्तरे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. विल्यम हिट्सेलबर्गर व विटन यांनी श्रवणतंत्रिकेच्या अर्बुदाच्या तपासणीसाठी मेरुरज्जू-चित्रण झालेल्या ३०० रोग्यांची चित्रे पाहिली. या रोग्यांची तक्रार कानाची होती, कंबरेची नव्हती; तरीही ३७ टक्के लोकांच्या चित्रांत चकतीमुळे पडणाऱ्या खाचा आढळल्या. त्याच वर्षी अर्ल होल्ट यांनी तुरुंगातील स्वयंसेवकांच्या चकत्यांत द्रव्य टोचून पाहिले व तेथेही सु. ३७ टक्के चकत्या सदोष ठरल्या. दोन आकडे सारखे येणे हा योगायोगच म्हटला पाहिजे. होल्ट यांच्या प्रयोगातील उणिवा पुढे १९८८ मध्ये इतरांनी दाखविल्या, आणि कैद्यांच्या पाठीत प्रयोगासाठी सुया घालणे आजच्या नीतिनियमांत बसणारेही नाही.

चकतीत सुई घालण्याची खरी किंमत याहून उशिरा समजली. यूजीन करागी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात ते दहा वर्षांपूर्वी अशी तपासणी झालेल्या चकत्यांची तुलना तपासणी न झालेल्या व्यक्तींच्या चकत्यांशी केली. ऱ्हास पुढे सरकल्याचे प्रमाण पहिल्या गटात ३५ टक्के व दुसऱ्यात १४ टक्के निघाले. म्हणजे ऱ्हास पाहण्याचे साधनच ऱ्हासास हातभार लावीत होते.

छेददर्शन व चुंबकीय अनुस्पंदन : गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या संगणकीय छेददर्शन यंत्राने (लोकभाषेत ‘सीटी स्कॅन’) पहिल्या रोग्याची तपासणी १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात झाली. हे यंत्र फक्त डोक्यासाठी होते. संपूर्ण शरीरासाठीची यंत्रे १९७५ च्या सुमारास आली. सुई न टोचता चकतीची कड दिसणे यामुळे प्रथमच शक्य झाले. हौन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. सॅम वीझेल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये कंबरदुखी नसलेल्या ५२ व्यक्तींची छेदचित्रे काही रोग्यांच्या चित्रांत मिसळून तज्ञांपुढे ठेवली. निरोगी व्यक्तींपैकी सु. ३५ टक्के लोकांची चित्रे सदोष ठरविली गेली.

चकतीच्या दृष्टीने खरी क्रांती चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने (एमआरआय) केली. फेलिक्स ब्लॉक व एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये शोधलेल्या अणुकेंद्रीय अनुस्पंदनावर हे तंत्र आधारलेले आहे. प्रबल चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनाची अणुकेंद्रे रेडिओ तरंगांना प्रतिसाद देतात. तरंग थांबल्यावर ती पूर्वस्थितीस येण्यास लागणारा काळ ऊतकागणिक बदलतो. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या प्रतिसादापासून पहिली प्रतिमा मिळविली व पीटर मॅन्सफील्ड यांनी ती जलद मिळविण्याचे गणित बसविले. दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऊतकांतील हा फरक १९७१ मध्ये दाखविणारे रेमंड दमादियन वगळले गेल्याने त्या निवडीवर बराच वाद झाला. हायड्रोजन म्हणजे शरीरात मुख्यतः पाणी, आणि चकतीच्या ऱ्हासाचा आरंभ पाणी घटण्याने होतो. त्यामुळे या तंत्राला चकती जणू आपणहून सामोरी आली. टी–२ भारित प्रतिमेत तरुण चकतीचा गाभा उजळ दिसतो व पाणी आटलेली चकती काळवंडते. क्रिस्टिआन फिरमान व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सुचविलेले या काळवंडण्याचे पाच टप्पे आज सर्वत्र वापरले जातात.

मायकेल मोडिक व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये चकतीलगतच्या मणक्यांतील बदलांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात हाडात सूज येते, दुसऱ्यात चरबी साठते व तिसऱ्यात हाड दाट होते. पहिल्या प्रकाराचे मूळ जंतुसंसर्गात असावे, अशी एक कल्पना पुढे मांडली गेली. डेन्मार्कमध्ये १६२ रोग्यांना शंभर दिवस प्रतिजैव औषध देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष (२०१३) तिला इतके अनुकूल होते, की त्यांचा सर्वत्र गाजावाजा झाला. नॉर्वेमधील १८० रोग्यांवरील चाचणीत (२०१९) मात्र लक्षणीय लाभ दिसला नाही.

निरोगी माणसांचा जुना प्रश्न एमआरआयलाही चुकला नाही. स्कॉट बोडेन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ६७ व्यक्तींची व मॉरीन जेन्सन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ९८ व्यक्तींची तपासणी केली. यांपैकी कोणासही कंबरदुखी नव्हती. बोडेन यांना साठीच्या पुढील निम्म्याहून अधिक व्यक्तींत दोष आढळला. जेन्सन यांच्या पाहणीत निव्वळ ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष होत्या. ५२ टक्के लोकांत निदान एका चकतीला फुगवटा होता व २७ टक्के लोकांत चकतीचा काही भाग बाहेर डोकावत होता. मात्र चकतीचा गाभा कडे फोडून पुरता बाहेर पडल्याचा प्रकार अवघ्या एक टक्का लोकांत आढळला. हा शेवटचा आकडा बाकीच्यांइतकाच महत्त्वाचा आहे व तो बहुधा दुर्लक्षित राहतो. चित्रातील सर्वच दोष निरर्थक नसून काही दोष निरोगी माणसांत खरोखरच दुर्मिळ असतात. ३,११० व्यक्तींचा समावेश असलेल्या ३३ अभ्यासांच्या २०१५ मधील संकलनानुसार, वेदनारहित लोकांत चकतीच्या ऱ्हासाचे प्रमाण विशीत ३७ टक्के व ऐंशीत ९६ टक्के असते.

ऱ्हासाच्या कारणांविषयीच्या समजुतीही प्रतिमांनी बदलल्या. जोनास केलग्रेन व जॉन लॉरेन्स यांनी १९५२ मध्ये इंग्लंडमधील खाणकामगारांची क्ष-किरण चित्रे तपासली तेव्हा ऱ्हास त्यांच्यात अधिक आढळला व जड कामामुळे चकती झिजते हे मत दृढ झाले. १९९५ मध्ये मिशेल बॅटिए, टापिओ व्हिडेमन व सहकाऱ्यांनी फिनलंडमधील एकरूप जुळ्या पुरुषांच्या ११५ जोड्यांची एमआरआय तपासणी केली. एक भाऊ कष्टाचे काम करणारा व दुसरा बैठे काम करणारा असला, तरी दोघांच्या चकत्यांत विलक्षण साम्य होते. कामाच्या ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा कितीतरी मोठा निघाला.

शब्द व उपचार : प्रतिमा पाहणाऱ्या तज्ञांची भाषाही दीर्घकाळ एकसारखी नव्हती. एकाच चित्राला कोणी फुगवटा तर कोणी निखळलेली चकती म्हणे, आणि ‘चकती फाटली’ असे कागदावर वाचणारा रोगी वाकण्यासही धजत नसे. अमेरिकेतील तीन तज्ञ-संस्थांनी २००१ मध्ये या संज्ञांच्या व्याख्या निश्चित केल्या व २०१४ मध्ये त्या सुधारल्या. बाहेर पडलेला तुकडा कायम तसाच राहतो, ही समजूतही पुन्हापुन्हा घेतलेल्या प्रतिमांनी खोटी ठरविली. २०१५ मधील एका संकलनात पूर्ण सुटे झालेले तुकडे ९६ टक्के रोग्यांत शस्त्रक्रियेविना आकसल्याचे आढळले, तर नुसता फुगवटा आकसण्याचे प्रमाण १३ टक्के होते. चित्रात अधिक भयावह दिसणारा दोषच अधिक प्रमाणात आपोआप ओसरतो. निखळलेल्या ऊतकाला शरीर परके मानून त्याचा फडशा पाडते, असे याचे स्पष्टीकरण देतात.

सरसकट प्रतिमा घेतल्याने रोग्यांचा लाभ होतो का, याचीही चाचणी झाली. जेफ्री जार्विक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ३८० रोग्यांना यदृच्छेने दोन गटांत विभागून एकाची साधी क्ष-किरण चित्रे व दुसऱ्याची जलद एमआरआय चित्रे घेतली. वर्षअखेर दोन्ही गटांची प्रकृती सारखीच होती. शस्त्रक्रिया मात्र पहिल्या गटात ४ व दुसऱ्यात १० झाल्या. आता बहुतेक मार्गदर्शक संहितांनुसार साध्या कंबरदुखीत लगेच प्रतिमा घेतली जात नाही. ताप, कर्करोगाचा पूर्वेतिहास, मोठी इजा, पायांतील वाढता अशक्तपणा किंवा मलमूत्रावरील ताबा सुटणे अशा लक्षणांत मात्र ती तातडीने घ्यावी लागते व तेथे तिला दुसरा पर्याय नाही.

निरोगी माणसांत हे दोष किती प्रमाणात आढळतात, याची ओळ प्रत्येक अहवालावरच छापावी, अशी सूचना १९९८ मध्ये पुढे आली होती. तिची कसोटी अमेरिकेत ९८ दवाखान्यांतील अडीच लाख रोग्यांवर घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अशा ओळीमुळे पुढील तपासण्या व उपचार एकंदरीने कमी झाले नाहीत. अफूजन्य वेदनाशामकांच्या वापरात तेवढी किंचित घट झाली.